आखडलेला स्नायू काय सांगतो?
सततच्या ताठरपणाची कारणे समजून घेताना



‘मान आखडली आहे’, ‘पाठीत उसण भरली’, ‘खांदा धरला’, ‘पोटऱ्या ओढल्यासारख्या होतात’ ही वाक्ये आपल्या घराघरांत ऐकू येतात. एखाद्या दिवशी वाडीत जास्तीचे काम झाले, लग्नघरी धावपळ झाली किंवा उशी उंच झाली, तर अंग दोन-चार दिवस अवघडते आणि आपोआप मोकळे होते. त्याची चिंता करण्याचे कारण नाही. परंतु हाच ताठरपणा आठवडेच्या आठवडे टिकून राहिला, बाम, शेक आणि मालीश यांनी तासाभरापुरता निवळून पुन्हा परतू लागला, तर त्याकडे वेगळ्या दृष्टीने पाहावे लागते.

अशा वेळी आपण बहुधा स्नायूलाच दोष देतो. तो चोळतो, दाबतो, ओढून सैल करू पाहतो. वास्तविक स्नायू हा आज्ञाधारक सेवक आहे. तो क्वचितच स्वतःहून आखडतो. त्याला आखडण्याची आज्ञा कोण देत आहे आणि ती आज्ञा थांबत का नाही, हा खरा प्रश्न आहे. या प्रश्नाचे उत्तर न शोधता केवळ चोळत राहिल्याने काही रुग्णांची मोलाची वर्षे वाया जातात. म्हणूनच हा विषय थोडा सविस्तर समजून घेणे हिताचे आहे.

स्नायू आवळतो कसा, सैल होतो कसा?

आपल्या शरीरात सहाशेहून अधिक स्नायू आहेत. प्रत्येक स्नायूच्या तंतूंत दोन प्रकारच्या प्रथिनांचे अतिसूक्ष्म धागे शेजारी शेजारी असतात. मज्जातंतूमार्फत संदेश आला की पेशीत कॅल्शियम मुक्त होते, एक धागा दुसऱ्याला पकडून ओढतो आणि स्नायू आखूड होतो. ही पकड सुटण्यासाठी मात्र एटीपी नावाचे ऊर्जाद्रव्य लागते. म्हणजे आवळण्याप्रमाणेच सैल होण्यासाठीही शक्ती खर्च होते. मृत्यूनंतर काही तासांत देह ताठ होतो, हे अंत्यविधीची तयारी करणाऱ्यांनी पाहिलेले असते. त्यामागचे कारण हेच आहे. ऊर्जाद्रव्य संपलेले असल्यामुळे धाग्यांची पकड सुटू शकत नाही.

स्नायूंच्या आत ताण मोजणारी सूक्ष्म यंत्रणाही असते. स्नायू एकाएकी ताणला गेला की ती पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूला कळवते आणि मज्जारज्जू लगेच ‘आवळ’ असा उलट हुकूम पाठवतो. डॉक्टर गुडघ्याखाली लहान हातोडीने टिचकी मारतात तेव्हा पाय उडतो, तो याच यंत्रणेमुळे. ही यंत्रणा किती संवेदनशील असावी, हे मेंदू वरून ठरवत असतो.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. ‘स्नायू घट्ट झाला’ या एकाच तक्रारीमागे तीन निरनिराळ्या अवस्था असू शकतात. पहिली, स्नायूला आवळण्याची आज्ञा सतत मिळत आहे. दुसरी, स्नायू किंवा सांध्याभोवतीचे आवरण खरोखरच आखूड व कडक झाले आहे. तिसरी, स्नायूची लांबी व्यवस्थित आहे, परंतु थकलेल्या किंवा दुखऱ्या भागाकडून येणाऱ्या संदेशांमुळे तो घट्ट असल्याची जाणीव होत आहे. तिन्हींवरील उपाय वेगवेगळे आहेत.

रोजच्या जीवनातील कारणे

सर्वांत अधिक आढळणारे कारण म्हणजे एकाच स्थितीत फार वेळ राहणे. विरारहून चर्चगेटपर्यंत लोकलच्या गर्दीत एका हाताने कडी धरून उभा असलेला नोकरदार, तासन्‌तास मोबाइलवर मान झुकवून बसलेला विद्यार्थी, शिवणयंत्रावर वाकलेली भगिनी किंवा दिवसभर ओणवे राहून तण काढणारा शेतकरी यांचे काम वेगवेगळे असले तरी स्नायूंवर पडणारा भार एकाच जातीचा असतो. आपल्या डोक्याचे वजन साधारण साडेचार ते पाच किलो असते. मान सरळ असताना हे वजन मणक्यांवर तोलले जाते. मान पुढे झुकली की ते मानेच्या मागील स्नायूंना धरून ठेवावे लागते. पाण्याने भरलेली कळशी कमरेवर घेणे आणि तीच हात लांब करून धरणे यांत जितके अंतर आहे, तितकेच येथेही आहे.

सतत आवळलेल्या स्नायूत रक्ताचा प्रवाह मंदावतो. त्याला पुरेसा प्राणवायू मिळत नाही आणि थकव्याची, घट्टपणाची जाणीव वाढत जाते. येथे दोष केवळ ‘चुकीच्या’ बैठकीचा नसून न बदलणाऱ्या बैठकीचा आहे. उत्तम खुर्चीत ताठ बसलेला मनुष्यही तीन तास हलला नाही तर त्याची पाठ धरणारच.

दुसरे कारण स्नायूंची दुर्बलता हे आहे. कमकुवत स्नायूला रोजचे साधे कामही जड जाते आणि तो कायम ताणलेला राहतो. अशा स्नायूला केवळ ओढून उपयोग होत नाही, त्याला बळकट करावे लागते. २००३ साली फिनलंडमध्ये मानदुखीने दीर्घकाळ त्रस्त असलेल्या १८० कार्यालयीन महिला कर्मचाऱ्यांवर वर्षभराचा अभ्यास झाला. मानेचे स्नायू बळकट करणारे व्यायाम नियमित करणाऱ्या महिलांच्या वेदना, केवळ ताण देण्याचे व सर्वसाधारण व्यायाम करणाऱ्या महिलांपेक्षा पुष्कळ अधिक प्रमाणात कमी झाल्या. ताण देण्याचे व्यायाम निरुपयोगी आहेत असा याचा अर्थ नाही. त्यांनी बरे वाटते. परंतु काही आठवड्यांच्या अशा व्यायामाने स्नायू लांब होतो असे नसून बहुतांशी ताण सहन करण्याची आपली क्षमता वाढते.

तिसरे कारण मनाशी निगडित आहे. भीती, चिंता आणि दडपण यांच्या काळात शरीर संकटाला तोंड देण्याच्या तयारीत राहते. खांदे नकळत वर चढतात, दात आवळले जातात, श्वास उथळ होतो. घरातील कर्ज, मुलांचे शिक्षण, आजारी आईवडिलांची सेवा, परदेशी गेलेल्या पतीची काळजी असे ओझे मनावर महिनोन्‌महिने असेल तर ही तयारी उतरतच नाही. रात्री झोपेत दात खाणाऱ्या व्यक्तीचा जबडा सकाळी जड असतो, हे त्याचेच उदाहरण. ‘हे सगळे तुझ्या मनाचे खेळ आहेत’ असे म्हणून अशा व्यक्तीला गप्प करणे अन्यायाचे आहे. कारण मनात असले तरी स्नायू खरोखरच आवळलेला असतो आणि वेदनाही खरी असते.

राखणदाराची भूमिका करणारे स्नायू

शरीराचा एखादा भाग दुखावला की त्याच्या भोवतालचे स्नायू आवळून त्याला हलू देत नाहीत. मोडलेल्या हाताला जशी खपची बांधतात, तशी ही निसर्गाने बांधलेली खपचीच होय. मणक्यांमधील चकती सरकली, कमरेचा सांधा झिजला किंवा मज्जातंतूच्या मुळावर दाब आला तर पाठीचे स्नायू पहारेकऱ्याप्रमाणे उभे राहतात. पहारेकऱ्याला जबरदस्तीने हुसकावून लावले तर तो पुन्हा येतो. कधी मूळ दुखापतही वाढते.

सायटिका हे याचे परिचित उदाहरण आहे. कमरेतून पायाकडे जाणारी मोठी नस मुळाशी दुखावली की मांडीचा मागचा भाग दोरीसारखा ओढल्याची भावना होते. रुग्ण तो स्नायू ओढू लागतो आणि चिडलेली नस अधिकच ताणली जाते. पोप फ्रान्सिस यांनाही हा त्रास होता. त्यामुळे ३१ डिसेंबर २०२० आणि १ जानेवारी २०२१ रोजीच्या उपासनाविधींचे पौरोहित्य ते करू शकले नव्हते, हे अनेकांना आठवत असेल.

‘खांदा धरणे’ ही अवस्था मात्र वेगळी आहे. येथे सांध्याभोवतीचे आवरण सुजते, जाड होते आणि आक्रसते. हात वर जात नाही, पाठीमागे वळत नाही, रात्री त्या कुशीवर झोपवत नाही. मधुमेह असलेल्यांमध्ये हा विकार इतरांपेक्षा बराच अधिक आढळतो. म्हणून चाळिशीनंतर खांदा धरला असता रक्तातील साखर तपासून घेणे शहाणपणाचे ठरते. काही वेळा मधुमेहाचा शोध अशा खांद्यामुळेच लागतो.

रक्तात आणि ग्रंथींत दडलेली कारणे

संपूर्ण अंग जड, ताठ आणि थकलेले वाटत असेल तर कारण एखाद्या स्नायूत नसून सर्व शरीरात शोधावे लागते. थायरॉइड ग्रंथीचे कार्य मंदावले की स्नायूंचे आवळणे व सैल होणे दोन्ही संथ होते. पेटके येतात, अंग दुखते, वजन वाढते, थंडी सहन होत नाही. स्त्रियांमध्ये हा विकार अधिक असतो आणि साध्या रक्ततपासणीने तो कळतो. ‘ड’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या कमतरतेमुळे हाडे व स्नायू दुखतात आणि मांड्यांतील शक्ती कमी होते. जमिनीवरून किंवा खुर्चीवरून उठताना हाताचा आधार घ्यावा लागू लागतो. आपल्या देशात ऊन विपुल असले तरी दिवसभर घरात वा कार्यालयात राहणाऱ्यांत ही उणीव सर्रास आढळते.

कोलेस्टेरॉल कमी करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांमुळे काहींचे स्नायू दुखतात. तथापि, त्या भयाने गोळी परस्पर बंद करणे धोक्याचे आहे. २०२२ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात मोठ्या चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. या गोळ्या घेणाऱ्यांनी सांगितलेल्या स्नायूंच्या तक्रारींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक तक्रारींचे कारण गोळी नव्हते, असे त्यात दिसून आले. तेव्हा शंका आल्यास डॉक्टरांना सांगावे, निर्णय त्यांच्या सल्ल्याने घ्यावा. मात्र स्नायू तीव्र दुखून लघवी गडद तपकिरी झाल्यास त्वरित रुग्णालय गाठावे.

तरुणांच्या बाबतीत एका विकाराची विशेष जाणीव हवी. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस या विकारात शरीराची प्रतिकारयंत्रणा मणक्यांच्या व कमरेच्या सांध्यांवर उलटते. सुरुवात बहुधा विशी-तिशीत होते. पाठ सकाळी अर्ध्या तासाहून अधिक काळ ताठ राहते, पहाटे दुखण्याने जाग येते आणि विशेष म्हणजे विश्रांतीने नव्हे, तर हालचालीने आराम पडतो. साधी पाठदुखी याच्या उलट वागते. ती कामाने वाढते व विश्रांतीने कमी होते. हा भेद माहीत नसल्यामुळे अनेक तरुणांना ‘विश्रांती घे, मालीश कर’ एवढाच सल्ला मिळत राहतो आणि निदानास वर्षे लागतात. दरम्यान काहींचे मणके एकमेकांस जोडले जाऊन पाठ कायमची वाकते. वेळीच निदान झाल्यास औषधे आणि नियमित व्यायाम यांनी रुग्ण आपले काम, आपला संसार उत्तम प्रकारे सांभाळू शकतो.

मेंदूकडून येणारा ताठरपणा

पार्किन्सन या विकारात मेंदूच्या तळाकडील, डोपामिन नावाचे द्रव्य तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात आणि स्नायूंना मिळणारा ‘सैल हो’ हा संदेश दुबळा पडतो. लोकांना या विकाराची ओळख थरथरणाऱ्या हातामुळे असते. परंतु कित्येकदा थरथर नसतेच. एकाच बाजूचा खांदा ताठ होतो, चालताना तो हात हलत नाही, अक्षर बारीक होत जाते, शर्टाच्या गुंड्या लावायला वेळ लागतो, चेहऱ्यावरचे भाव कमी होतात. घरचे समजतात की वय झाले किंवा खांदा धरला. म्हणून वयस्कर व्यक्तीच्या एका बाजूच्या ताठरपणासोबत हालचालीही मंदावल्या असतील, तर मज्जाविकारतज्ज्ञांना दाखवणे आवश्यक आहे.

संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी या विकाराशी दहा वर्षांहून अधिक काळ झुंज दिली. एकेकाळी डोंगर चढणारा आणि बर्फावर घसरणीचे खेळ खेळणारा हा कणखर पुरुष जगाच्या डोळ्यांदेखत वाकत गेला. चेहरा गोठल्यासारखा झाला, शब्द अस्पष्ट झाले. तरीही २ एप्रिल २००५ रोजी देवाघरी जाईपर्यंत त्यांनी आपले आजारपण लोकांपासून लपवले नाही.

पक्षाघातानंतर येणारा ताठरपणाही मेंदूशी संबंधित असतो. वरचे नियंत्रण सुटल्यामुळे मज्जारज्जूची प्रतिक्षिप्त क्रिया मोकाट होते. मूठ वळते, कोपर दुमडते, पाऊल खाली झुकते. त्या अवयवाला दररोज हळुवार हालचाल दिली नाही तर काही महिन्यांत स्नायू खरोखरच आखूड होतो आणि मग तो सरळ करणे अतिशय अवघड जाते. घरी अंथरुणाला खिळलेला रुग्ण असेल तर फिजिओथेरपिस्टकडून या हालचाली शिकून घेणे ही कुटुंबाने करावयाची फार मोठी सेवा होय.

थांबू नये अशी लक्षणे

पुढील लक्षणे आढळल्यास घरगुती उपाय करीत न बसता तत्काळ रुग्णालयात जावे :

१. तापासह मान ताठ होणे, तीव्र डोकेदुखी, उजेड सहन न होणे.
२. पाठदुखीसह पायांतील शक्ती जाणे, जांघेच्या भागात बधिरता येणे, लघवी वा शौचावरील ताबा सुटणे.
३. श्रम करताना छाती, जबडा, डावा खांदा वा हात आवळल्यासारखा होणे, घाम येणे, दम लागणे. हा स्नायूचा नव्हे, हृदयाचा इशारा असू शकतो.
४. जखम झाल्यावर काही दिवसांनी जबडा उघडेनासा होणे. ही धनुर्वाताची खूण असू शकते. शेतात, मातीत काम करणाऱ्यांनी धनुर्वाताची लस वेळच्या वेळी घ्यावी.
५. चेहऱ्याची, हाताची किंवा पायाची एक बाजू अचानक निकामी होणे अथवा बोलणे अडखळणे.

याशिवाय कारण नसताना वजन घटणे, रात्रीच्या विश्रांतीतही न थांबणारी वेदना आणि सहा आठवड्यांहून अधिक टिकलेला ताठरपणा यांची तपासणी लवकर करून घ्यावी.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी

योग्य निदानाचा अर्धा भाग रुग्णाच्या सांगण्यात असतो. ताठरपणा कधी सुरू झाला? सकाळी अधिक असतो की संध्याकाळी? किती वेळ टिकतो? हालचालीने कमी होतो की वाढतो? एका बाजूला आहे की दोन्ही? मुंग्या, बधिरता, अशक्तपणा आहे का? कोणकोणती औषधे चालू आहेत? ही उत्तरे कागदावर लिहून न्यावीत. गर्दीच्या दवाखान्यात पाच मिनिटांच्या भेटीत हा कागद मोठे काम करतो.

गंभीर कारण नाही असे डॉक्टरांनी सांगितल्यावर घरी करण्यासारखे पुष्कळ आहे. दर अर्ध्या-पाऊण तासाने उठून दोन मिनिटे चालावे. शेकामुळे आराम मिळतो, तो जरूर घ्यावा. मात्र मधुमेहामुळे पाय बधिर असल्यास भाजण्याचा धोका ध्यानात ठेवावा. आठवड्यातून दोन-तीन वेळा स्नायू बळकट करणारा व्यायाम हलक्या वजनापासून सुरू करावा. झोप पुरेशी घ्यावी. वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने स्वतःच्या मनाने घेऊ नयेत, त्यांचा मूत्रपिंड व जठरावर दुष्परिणाम होतो. मानेला झटका देऊन ‘कडकड’ वाजवणाऱ्या अप्रशिक्षित हातांपासून दूर राहावे. त्यात मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते.

क्रूस आणि उपचार

आपल्या भाविकांत, विशेषतः माताभगिनींत, दुखणे मुकाट्याने सोसण्याची वृत्ती दिसते. ‘प्रभूने दिलेला क्रूस आहे’ असे म्हणून त्या वर्षानुवर्षे दुखणे अंगावर काढतात. त्यांच्या श्रद्धेचा आदर राखूनही सांगावेसे वाटते की, टाळता येण्याजोगी वेदना अंगावर काढावी अशी ख्रिस्तसभेची शिकवण नाही. सिराखच्या ग्रंथाच्या ३८ व्या अध्यायात वैद्याचा मान राखावयास सांगितले आहे आणि औषधी ही परमेश्वराचीच देणगी असल्याचे म्हटले आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ११ फेब्रुवारी १९८४ रोजी मानवी दुःखाच्या ख्रिस्ती अर्थाविषयी प्रेषितीय पत्र लिहिले. दुःखाला प्रभूच्या दुःखसहनाशी जोडण्याची वाट त्यात ते दाखवतात आणि त्याच पत्रात चांगल्या शोमरोनीचा आदर्शही आपल्यापुढे ठेवतात. तो शोमरोनी जखमी माणसाला सोसण्याचा उपदेश करून पुढे निघून गेला नाही. त्याने जखमा बांधल्या आणि त्याला उतारशाळेत नेले.

जे दुःख उपचारांनंतरही उरते, त्याचा क्रूस श्रद्धेने वाहावा. परंतु तपासणीच न केलेल्या दुखण्याला क्रूस म्हणण्याची घाई करू नये. गुडघे किंवा पाठ साथ देत नसेल तर मिस्साच्या वेळी बसून प्रार्थना करण्यात कोणताही कमीपणा मानू नये. मिस्साच्या विधिनियमांनीच प्रकृतीच्या कारणासाठी ही मुभा दिली आहे.

१९९२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी आजाऱ्यांचा जागतिक दिन जाहीर केला आणि १९९३ पासून लूर्ड्स मातेच्या सणाच्या दिवशी, ११ फेब्रुवारीला, तो पाळला जातो. त्या दिवशी आपल्या धर्मग्रामात आजाऱ्यांची भेट घेताना ‘कसे आहात?’ एवढेच न विचारता ‘कधीपासून दुखते? डॉक्टरांना दाखवले का? बरोबर येऊ का?’ असेही विचारावे. आपला हा एक प्रश्न एखाद्या तरुणाची पाठ वाकण्यापासून वाचवू शकेल, एखाद्या आजोबांचा आजार वेळेत उघड करू शकेल.

व्याधिग्रस्तांवर हात ठेवून त्यांना बरे करणारा प्रभू येशू आपणा सर्वांस निरोगी शरीर, सावध दृष्टी आणि शेजाऱ्याचे दुखणे ओळखणारे अंतःकरण देवो.